ग्लुटामेट डिकार्बोक्झिलेज: पिकातील आम्ल आणि ताण सांभाळणारे विकर

संत्रा पिकत जातो तसा त्याचा आंबटपणा का उतरतो? पावसाळ्यात शेतात पाणी साचले की मुळे पहिले काही तास स्वतःला कशी सांभाळतात? धान्याला मोड आणल्यावर त्यात नवीन काय तयार होते? हे तीन प्रश्न वेगवेगळे वाटतात, पण तिन्हींच्या उत्तरात एका विकराचा वाटा आहे. त्याचे नाव ग्लुटामेट डिकार्बोक्झिलेज, थोडक्यात गॅड.

विकर म्हणजे एन्झाइम. हे पेशीतील असे प्रथिन असते, जे रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणते, पण त्या क्रियेत स्वतः खर्ची पडत नाही. गॅड हे विकर वनस्पती, जिवाणू, कीटक, जनावरे आणि माणूस या सर्वांत आढळते. ते जे तयार करते त्या पदार्थाचे नाव गाबा. हे नाव आता काही फवारणीच्या उत्पादनांवरही दिसते. म्हणून हे विकर काय करते आणि काय करू शकत नाही, हे शेतकऱ्यांना व कृषी विस्तार कार्यकर्त्यांना माहीत असणे उपयोगाचे आहे.

थोडक्यात ओळख

- कच्चा माल: ग्लुटामेट हे अमिनो आम्ल
- तयार होणारे पदार्थ: गाबा, म्हणजे गॅमा अमिनो ब्युटिरिक आम्ल, आणि कार्बन डायऑक्साइड
- सहायक: जीवनसत्त्व ब-६ चे क्रियाशील रूप. त्याशिवाय हे विकर काम करत नाही.
- पेशीवर होणारा परिणाम: प्रत्येक क्रियेत आम्लतेला कारणीभूत असलेला एक हायड्रोजन आयन वापरला जातो, त्यामुळे आम्लता कमी होते.
- शोध: १९४९ मध्ये बटाट्याच्या कंदात गाबा आढळले. पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, ते सस्तन प्राण्यांच्या मेंदूतही सापडले.

हे विकर काम कसे करते?

पिकाला दिलेला युरिया किंवा अमोनियम सल्फेट अखेर पिकात कुठे जातो, इथून सुरुवात करू. मुळांनी घेतलेले नत्र पेशीत अमोनियाच्या रूपात येते आणि ग्लुटामाइन व ग्लुटामेट या अमिनो आम्लांत बांधले जाते. ग्लुटामेटपासून पुढे इतर अमिनो आम्ले, प्रथिने आणि हरितद्रव्य तयार होते. म्हणजे ग्लुटामेट हे पिकातील नत्राचे मुख्य नाके आहे.

ग्लुटामेटच्या रेणूला आम्लाचे दोन गट असतात. गॅड त्यातील एक गट तोडून कार्बन डायऑक्साइडच्या रूपात बाहेर टाकते आणि त्या जागी पेशीरसातील एक हायड्रोजन आयन बसवते. उरते ते गाबा. हायड्रोजन आयन कमी झाले की सामू वर सरकतो. या विकराच्या कामाचा गाभा एवढाच आहे. पुढे संत्रा, पाण्यात बुडालेली मुळे आणि जिवाणू यांच्याबद्दल जे वाचाल, तिथे हीच क्रिया वेगवेगळ्या कामाला येते.

तयार झालेले गाबा वाया जात नाही. इतर विकरे त्याचे दोन टप्प्यांत सक्सिनेट करतात आणि ते श्वसनाच्या चक्रात परत जाते. नत्रही दुसऱ्या अमिनो आम्लात सामावले जाते. श्वसनाच्या नेहमीच्या वाटेवर अडथळा आला की पेशीला ही बगलेची वाट उपयोगी पडते.

विकर चालू आणि बंद कशाने होते?

गॅड सतत पूर्ण वेगाने चालले तर ग्लुटामेट संपेल आणि पिकाची वाढ थांबेल. म्हणून वनस्पतीने त्याला कुलूप लावले आहे. विकराच्या शेवटच्या टोकाचा भाग त्याला दाबून ठेवतो. कुलूप उघडण्याच्या दोन वाटा आहेत:

१. पेशीरस आम्लधर्मी झाला, सामू ६ च्या जवळ आला, की विकर आपोआप जोरात चालते.

२. थंडी, उष्णता, स्पर्श, जखम किंवा पाण्याचा ताण जाणवला की पेशीत कॅल्शियमची पातळी क्षणात वाढते. हे कॅल्शियम कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटते, ती जोडी गॅडच्या टोकाला बसते आणि दाब सुटतो. वनस्पतीतील ही व्यवस्था १९९३ मध्ये पेटुनिया या फुलझाडात प्रथम दाखवली गेली.

पुढे शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या झाडात हे कुलूपच काढून टाकलेले विकर घालून पाहिले. गाबा वाढले, ग्लुटामेट घटले आणि झाडे खुजी व विकृत राहिली. ‘गाबा जितके जास्त तितके पीक बळकट’ असे कोणी सांगितले, तर हा प्रयोग आठवा.

इथे एक गैरसमज टाळावा. हा कॅल्शियमचा संकेत पेशीच्या आत, अतिसूक्ष्म प्रमाणात आणि काही क्षणांपुरता असतो. कॅल्शियम नायट्रेट फवारल्याने तो संकेत दिला जातो असे नाही. कॅल्शियमची फवारणी कॅल्शियमच्या कमतरतेसाठी करावी.

संत्र्याचा आंबटपणा आणि गॅड

विदर्भासाठी या विकराचे सर्वात जवळचे उदाहरण म्हणजे नागपुरी संत्रा. २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. काटोल, नरखेड, कळमेश्वर, वरुड, मोर्शी या पट्ट्यातील बागांचे अर्थकारण फळाच्या आंबट-गोड चवीवर उभे आहे.

संत्र्याच्या रसपेशींत सायट्रिक आम्ल साठवलेले असते. फळ लहान असताना हा साठा वाढतो, पक्वतेकडे जाताना तो उतरू लागतो. उतरलेल्या आम्लाची एक प्रमुख वाट अशी: सायट्रिक आम्लापासून टप्प्याटप्प्याने ग्लुटामेट, आणि ग्लुटामेटपासून गॅडच्या मदतीने गाबा. यात सायट्रिक आम्ल खर्च होते आणि शेवटच्या पायरीवर हायड्रोजन आयनही वापरला जातो. स्पेनमध्ये क्लेमेंटाईन या संत्रावर्गीय फळावर झालेल्या अभ्यासात २००६ मध्ये ही वाट मांडली गेली. आम्ल उतरण्याची ही एकमेव वाट नाही, पण ती महत्त्वाची आहे.

आम्ल उतरण्याचा वेग तापमानावर अवलंबून असतो. उष्ण हवेत तो जास्त, थंडीत कमी. आंबिया बहाराची फळे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात, म्हणजे थंडी वाढत असताना तयार होतात. मृग बहाराची फळे फेब्रुवारी-मार्चच्या वाढत्या उन्हात पक्व होतात. आंबियाची चव थोडी आंबटसर आणि मृगाची गोड, हा जो बागायतदारांचा अनुभव आहे, त्यामागे हे एक कारण आहे.

आता तोडणीचा प्रश्न. भाव चांगला आहे म्हणून फळ दोन-तीन आठवडे आधी तोडले, तर आम्ल उतरण्याचे काम अर्धवट राहते. संत्र्यात आंब्या-केळ्यासारखा पिष्टाचा साठा नसतो, त्यामुळे तोडल्यावर साखर वाढत नाही. साठवणुकीत आम्ल थोडे घटते, पण झाडावर होते तसे काम पुढे होत नाही. इथिलिन वायूने सालीचा हिरवा रंग जातो, रसातील आम्ल जात नाही. नारिंगी साल पाहून प्रताप नगरच्या हातगाडीवरून संत्रा नेणाऱ्या गिऱ्हाइकाला घरी तो आंबट लागला, तर पुढच्या आठवड्यात तो दुसरे फळ घेतो. घाईच्या तोडणीचा हा तोटा त्या दिवशीच्या पट्टीवर दिसत नाही.

गोडी नव्हे, गुणोत्तर मोजा

रिफ्रॅक्टोमीटरवर दिसणारा ब्रिक्स म्हणजे रसातील विद्राव्य घन पदार्थ. त्यावरून आम्लता कळत नाही. जिभेला चव लागते ती दोन्हींच्या गुणोत्तराची. आम्लता मोजण्याची पद्धत सोपी आहे आणि विस्तार कार्यकर्त्यांना कोणत्याही साध्या प्रयोगशाळेत करता येते:

- बागेतील वेगवेगळ्या झाडांवरून, चारही दिशांची मिळून १० ते १५ फळे घ्या. रस एकत्र करून गाळा.
- १० मिली रस घ्या, त्यात थोडे शुद्ध पाणी आणि फिनॉल्फ्थॅलिनचे दोन-तीन थेंब टाका.
- ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण थेंबाथेंबाने सोडा. फिकट गुलाबी रंग टिकला की थांबा. हे द्रावण दाहक आहे, हातमोजे व चष्मा वापरा.
- लागलेल्या मिलीला ०.०६४ ने गुणा. उत्तर म्हणजे सायट्रिक आम्लाची टक्केवारी.

समजा, १२.५ मिली द्रावण लागले. आम्लता ०.८ टक्के. ब्रिक्स १० असेल तर गुणोत्तर १२.५. काही दिवसांनी पुन्हा तपासले आणि ९.४ मिली लागले. आम्लता सुमारे ०.६ टक्के, ब्रिक्स तोच १०, गुणोत्तर साडेसोळाच्या पुढे. साखर तितकीच राहिली, तरी फळ जिभेला स्पष्ट गोड लागेल. हा फरक रिफ्रॅक्टोमीटरने दाखवला नसता. दर आठवड्याला नोंद ठेवली तर आपल्या बागेत आम्ल कोणत्या वेगाने उतरते ते कळते आणि तोडणीचा दिवस अंदाजाने नव्हे तर आकड्याने ठरवता येतो.

बागेत काय करावे?

- पालाश गरजेपेक्षा जास्त दिल्यास लिंबूवर्गीय फळांत आम्लता वाढते व साल जाड होते. स्फुरदाच्या योग्य पुरवठ्याने आम्लता कमी राहते. म्हणून ‘गोडीसाठी पालाश’ असा सरसकट सल्ला न पाळता माती व पान परीक्षणावरून मात्रा ठरवा.
- फळ पक्व होण्याच्या काळात पाण्याचा तीव्र ताण बसला तर रस आटतो, साखरेबरोबर आम्लही दाट होते. पाणी नियमित आणि बेताचे ठेवा.
- एकाच झाडावर दोन्ही बहारांची फळे असतील तर तोडणी निवडून करा.
- शंका असल्यास नागपूर येथील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्या.

पाणी साचलेल्या शेतात

काळ्या जमिनीत सोयाबीन, कपाशी किंवा तुरीच्या मुळाशी पाणी साचले की मातीतील प्राणवायू संपतो. मुळांचे श्वसन अडते, पेशी आंबवण्याच्या क्रियेवर ऊर्जा मिळवू लागतात आणि पेशीरस आम्लधर्मी होतो. एरवी सुमारे ७.५ असलेला सामू घसरू लागला की गॅडचे कुलूप उघडते. ते हायड्रोजन आयन वापरते आणि घसरण थोपवायला मदत करते. पाणी साचलेल्या मुळांत गाबाचे प्रमाण म्हणूनच झपाट्याने वाढते.

पण ही आणीबाणीची सोय आहे, कायमची नाही. ग्लुटामेटचा साठा मर्यादित असतो आणि ऊर्जेची तूट गाबाने भरून निघत नाही. पिकाने स्वतःसाठी मिळवलेल्या वेळेत पाणी बाहेर काढणे हे आपले काम आहे. पेरणी रुंद वरंबा-सरी पद्धतीने करावी, उताराच्या दिशेने चर आधीच काढून ठेवावेत, आणि पाऊस उघडताच साचलेले पाणी काढून वाफसा येऊ द्यावा. पाणी साचलेले असताना खत टाकू नये. अडचणीतली मुळे ते घेऊ शकत नाहीत.

कोरड्या ताणात

पाणी कमी पडल्यावर पानांतही गाबा वाढते. ऑस्ट्रेलियातील अॅडलेड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये मोहरीच्या कुळातील एका प्रायोगिक वनस्पतीवर दाखवले की गाबा पर्णरंध्रे जास्त उघडू देत नाही, त्यामुळे झाड पाणी वाचवते. पर्णरंध्रे मिटली की कार्बन डायऑक्साइडही आत कमी येतो, म्हणजे वाढ मंदावते. ताण सहन करणे आणि उत्पादन वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे लक्षात घ्यावे. आच्छादन, ठिबक आणि संरक्षित पाणी यांना विकर हा पर्याय नाही.

कीड, गाबा आणि कीटकनाशके

अळी पानावर नुसती चालली तरी तिच्या पायांच्या स्पर्शाने पानात गाबा वाढते, हे कॅनडातील शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये सोयाबीन व तंबाखूच्या पानांवर दाखवले. कीटकांच्या शरीरात गाबा मज्जातंतूंना शांत करण्याचा संदेश देते. गॅड जास्त असलेल्या तंबाखूच्या झाडांवर अळ्यांनी कमी खाल्ल्याचेही प्रयोगांत दिसले आहे. मात्र शेतातील अळीचा प्रादुर्भाव एवढ्याने आटोक्यात येत नाही, त्यामुळे निरीक्षण आणि आर्थिक नुकसानीची पातळी पाहणे सुटत नाही.

काही कीटकनाशके याच शांत करणाऱ्या संदेशावर घाव घालतात. फिप्रोनिल कीटकाच्या गाबा-ग्राहीची वाट अडवते. संदेश पोहोचत नाही, मज्जातंतू भडकतात आणि कीटक झटके येऊन मरतो. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातलेले एन्डोसल्फानही याच पद्धतीचे होते. ब्रोफ्लानिलाइड आणि फ्लुक्सामेटामाइड ही नवी कीटकनाशकेही गाबा-ग्राहीवरच काम करतात, पण वेगळ्या जागी. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात फिप्रोनिल गट २ मध्ये आणि ही दोन गट ३० मध्ये आहेत.

यातून दोन गोष्टी पाळाव्यात. पहिली, फवारणी बदलताना कंपनीचे नाव नव्हे, गट बदला. दुसरी, माणसाच्या मेंदूतही गाबाच शांततेचा संदेश देते, त्यामुळे या औषधांची विषबाधा झटक्यांच्या रूपात दिसू शकते. हातमोजे, मास्क व पूर्ण कपडे वापरा, लेबलवरील मात्रा ओलांडू नका. फिप्रोनिल मधमाश्यांना अतिविषारी आहे, फुलोऱ्यात ते टाळा.

जनावरे, माणूस आणि जिवाणू

मेंदूत गॅड हे उत्तेजना देणाऱ्या ग्लुटामेटपासून उत्तेजना आवरणारे गाबा तयार करते. ब-६ जीवनसत्त्व कमी पडले की हे काम अडते. कोंबडीच्या पिलांत ब-६ च्या तीव्र कमतरतेने झटके दिसतात, त्याचे हे एक कारण. संतुलित खाद्य दिल्यास ही अडचण सहसा येत नाही. माणसाच्या स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींतही गॅड असते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीर चुकून त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. डॉक्टर सांगतात ती ‘गॅड अँटिबॉडी’ तपासणी याच विकराची असते.

ई-कोलाय हा जिवाणू पोटातील तीव्र आम्लातून वाचतो, त्यातही गॅडचा हात आहे. तो ग्लुटामेट आत घेतो, हायड्रोजन आयन वापरून गाबा करतो आणि ते बाहेर टाकतो. म्हणून आंबट पदार्थात किंवा पोटात गेल्यावर जंतू मरतील, यावर विसंबू नये. भाजीपाला धुण्यासाठी स्वच्छ पाणी वापरणे आणि कच्चे शेण भाजीपाल्याच्या पिकात न टाकता पूर्ण कुजवून वापरणे आवश्यक आहे.

मोड आलेले धान्य आणि टोमॅटो

हातसडीच्या तांदळात अंकुर शाबूत असतो. तो भिजवून मोड आणले की अंकुरातील गॅड जागे होते आणि गाबा वाढते. पॉलिश केलेल्या तांदळात अंकुरच निघून जातो, त्यामुळे हे घडत नाही. जपानमध्ये असा मोड आणलेला तांदूळ बाजारात विकला जातो. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीतील धान उत्पादक गटांना मूल्यवर्धनासाठी हा विषय पाहण्यासारखा आहे. मोड आणताना पाणी वारंवार बदलणे व नंतर नीट वाळवणे गरजेचे आहे, नाहीतर बुरशी व जिवाणू वाढतात. रक्तदाब किंवा अन्य आजार बरा होतो असा दावा पाकिटावर करू नये.

जपानमध्येच २०२१ मध्ये जनुक संपादित टोमॅटो विक्रीला आला. त्यात गॅडच्या टोकाचे कुलूप काढलेले आहे, त्यामुळे फळात गाबा जास्त असते.

बाटलीतील गाबा घ्यावे का?

कुंड्यांत आणि प्रयोगशाळेत बाहेरून गाबा दिल्यावर काही पिकांनी ताण चांगला सहन केल्याचे प्रयोग आहेत. तुमच्या शेतात खर्च वसूल होईल का, हा वेगळा प्रश्न आहे. २०२१ पासून जैव-उत्तेजके खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. खरेदीपूर्वी हे तपासा:

१. उत्पादन या आदेशाखाली अधिसूचित आहे का? लेबलवर घटक, प्रमाण आणि पीक लिहिले आहे का?

२. विक्रेता पक्के बिल देतो का?

३. पाण्याचा निचरा, पोषण व पाणी ही कामे आधी झाली आहेत का? ती बाकी असतील तर पैसा तिकडे वळवा.

४. वापरायचेच असेल तर काही ओळी किंवा काही झाडे न फवारता सोडा, आणि दोन्हींचे उत्पादन वेगळे मोजा. न फवारलेली ओळ नसेल तर फरक फवारणीने पडला की पावसाने, हे कोणालाच सांगता येणार नाही.

लक्षात ठेवा

- गॅड ग्लुटामेटपासून गाबा करते आणि त्यात आम्लता कमी होते.
- पीक हे विकर गरजेनुसार स्वतः चालू-बंद करते. कुलूप काढलेली झाडे खुजी राहिली.
- संत्र्याचा आंबटपणा झाडावरच उतरतो. रंग नव्हे, ब्रिक्स आणि आम्लतेचे गुणोत्तर पाहून तोडणी करा.
- पाणी साचल्यावर विकर पिकाला थोडा वेळ मिळवून देते. त्या वेळेत चर मोकळे करा.
- फवारणीत औषधाचा गट बदला, आणि नवे उत्पादन आधी काही ओळींवर तपासा.